बटाट्याची फोड आणि मिठाचे पाणी : परासरण घरच्या घरी पाहण्याची आणि मोजण्याची रीत

तासगाव, सावळज, मणेराजुरी या पट्ट्यात बेदाणा कधी दुर्मीळ नसतो, आणि त्यामुळे आमच्या सांगली जिल्ह्यातील शाळांत परासरण शिकवण्याची वेळ आली की वाटीभर पाण्यात चार बेदाणे टाकून वर्गासमोर ठेवले जातात. सकाळी सुरकुतलेले बेदाणे दुपारपर्यंत टपोरे होतात, मुलांना गंमत वाटते आणि ‘पाणी आत शिरले, हेच परासरण’ असे म्हणून धडा पुढे सरकतो. हा प्रयोग चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. फुगलेल्या बेदाण्यांचे पाणी दुसऱ्या दिवशी चाखून पाहावे. ते गोड लागते, म्हणजे पाणी आत गेले तशी साखर बाहेरही आली. जिवंत पेशीचे पटल साखरेला अशी सहजासहजी वाट देत नाही. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीतल्या रॅकवर वाळवली जातात तेव्हा सालीवरचा मेणाचा थर पाण्याला अडवेनासा होतो, मण्यातील बहुतेक पाणी बाष्पीभवनाने उडून जाते, आणि या सगळ्यात पेशी मरतात. पुन्हा भिजवलेला बेदाणा फुगतो तो काही अंशी साखरेच्या परासरणामुळे आणि काही अंशी वाळलेल्या उतींनी स्पंजासारखे पाणी शोषून घेतल्यामुळे. जिवंत पेशीचे वर्तन पाहायचे असेल तर साक्षीदारही जिवंत हवा, आणि स्वयंपाकघरात तो सर्वांत सहज मिळतो तो बटाट्याच्या रूपाने.

प्रयोगाकडे वळण्यापूर्वी एक शब्द बाजूला ठेवावा, असा माझा आग्रह आहे. तो शब्द म्हणजे ‘ओढणे’. मीठ पाणी ओढते, साखर पाणी ओढते, असे आपण सर्रास बोलतो आणि व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या मनात एकदा ही ओढाताण बसली की पुढचे प्रत्येक उत्तर तो उलटसुलट देऊ लागतो. प्रत्यक्षात पाण्याचे रेणू पटलाच्या दोन्ही बाजूंनी, दोन्ही दिशांना, अखंड ये-जा करीत असतात. ज्या बाजूच्या पाण्यात मीठ, साखर किंवा अन्य काही विरघळलेले असते, त्या बाजूचे पाणी तेथून निसटण्याची प्रवृत्ती थोडी कमी होते. म्हणून विरळ बाजूकडून जितके रेणू येतात, तितके संहत बाजूकडून परत जात नाहीत, आणि या दोहोंतील फरक आपल्याला पाण्याचा प्रवाह म्हणून दिसतो. पटलातून पाणी जाते पण विरघळलेले कण सहजी जात नाहीत, एवढी एक अट पाळली गेली की हे घडतेच. अशा पटलाला आपल्या पाठ्यपुस्तकांत निवडक्षम पारपटल म्हणतात. पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल हे तसेच पटल आहे. ते मेदाच्या दोन थरांचे असते आणि त्यातून पाणी थोडेफार झिरपते, पण पुष्कळसे पाणी जाते ते खास प्रथिनांच्या सूक्ष्म नळ्यांतून. या नळ्यांचा, म्हणजे अ‍ॅक्वापोरिनचा शोध लावल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परासरण हे मात्र त्याहून कितीतरी जुने निरीक्षण आहे : फ्रान्समध्ये झाँ-आंत्वान नोले यांनी १७४८ मध्ये मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधले, ते भांडे पाण्यात बुडवले, आणि पडदा फुगून ताठ होताना पाहिला.

आता साहित्य. एक मोठा, घट्ट, कोंब न आलेला बटाटा; साधे खाण्याचे मीठ; पाच सारखे काचेचे पेले; धारदार सुरी; मोजपट्टी; पाणी मोजण्यासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेले पात्र किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज; जुन्या सुती कापडाचे तुकडे; आणि वजनाचा काटा. काट्याबाबत तडजोड करू नये. एक ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा येथे कामाचा नाही. सोनारकामाला वापरतात तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हवा, आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेत असतो किंवा माफक किमतीत विकत मिळतो. पाणी शक्यतो फिल्टरचे किंवा पावसाचे घ्यावे. आमच्याकडे नदीकाठच्या अनेक गावांत बोअरचे पाणी मचूळ असते. अशा पाण्यात एका लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असतील तर ज्या पेल्याला आपण ‘शून्य टक्के’ म्हणणार, तो प्रत्यक्षात ०.२ टक्क्यांचा असतो.

मोजमापाआधी हाताने एक साधी परीक्षा करावी, कारण बोटांना जे कळते ते आकड्यांनी नंतर पक्के होते. बटाटा सोलून बोटभर लांबीच्या, अर्धा सेंटीमीटर जाडीच्या दोन फोडी कापाव्यात. एक साध्या पाण्यात ठेवावी. दुसरी ठेवावी ती १०० मिलि पाण्यात चहाचा सपाट एक चमचा मीठ विरघळवलेल्या पाण्यात. तासाभराने दोन्ही बाहेर काढून दोन टोकांना धरून हलकेच वाकवून पाहाव्यात. साध्या पाण्यातील फोड वाकत नाही; जोर दिला तर कट्‌ आवाज करून मोडते. मिठाच्या पाण्यातील फोड मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखी लवते, जवळजवळ दोन्ही टोके जुळेपर्यंत वाकते आणि तरी तुटत नाही. पहिल्या फोडीतील पेशींत पाणी शिरून त्या आतून पेशीभित्तिकेवर दाब देत आहेत. दुसऱ्या फोडीतील पेशींतून पाणी निघून गेल्याने तो दाब नाहीसा झाला आहे. भित्तिका दोन्हींकडे आहे, तिची जाडीही तीच आहे. भाजी बाजारात मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडले की त्या पुन्हा टवटवीत दिसतात, त्यामागेही हाच आतला दाब असतो.

यानंतरचे काम मोजणीचे, आणि सगळ्यात जास्त वेळ येथेच द्यावा. दहा ग्रॅम मीठ मोजून थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि मग एकूण द्रावण ५०० मिलि होईल इतके पाणी वाढवावे. हे झाले २ टक्क्यांचे मूळ द्रावण. आधी ५०० मिलि पाणी घेऊन त्यात मीठ टाकण्यापेक्षा ही रीत अचूक ठरते. आता पाच पेल्यांवर ०, ०.५, १, १.५ आणि २ असे आकडे लिहावेत. पहिल्यात १०० मिलि केवळ पाणी. दुसऱ्यात मूळ द्रावण २५ मिलि आणि पाणी ७५ मिलि. तिसऱ्यात दोन्ही पन्नास-पन्नास. चौथ्यात द्रावण ७५ आणि पाणी २५. पाचव्यात १०० मिलि निव्वळ द्रावण. एकाच बटाट्यातून साल पूर्णपणे काढून ५ सेंटीमीटर लांब आणि १ सेंटीमीटर रुंद-जाड अशा पंधरा फोडी कापाव्यात. बटाटा पुरत नसेल तर फोडी आखूड कराव्यात, पण दुसरा बटाटा मिसळू नये, कारण प्रत्येक बटाट्याच्या रसाची संहती थोडी वेगळी असते आणि साठवणीतला जुना बटाटा तर नव्यापेक्षा बराच निराळा वागतो.

प्रत्येक पेल्यासाठी तीन फोडींचा गट करावा, कापडाने टिपून तिन्हींचे एकत्रित वजन घ्यावे, वहीत लिहावे आणि मगच त्या द्रावणात सोडाव्यात. पेल्यांवर झाकण ठेवावे, नाहीतर बाष्पीभवनाने द्रावणे संहत होत जातात. तीन तासांनी ज्या क्रमाने फोडी टाकल्या त्याच क्रमाने त्या काढाव्यात. या टप्प्यावर वर्गात सर्वांत जास्त निकाल बिघडतात, आणि ते बिघडतात टिपण्यामुळे. कोणी फोड कापडात दाबून पिळतो, कोणी नुसती झटकून काट्यावर ठेवतो, आणि मग आलेला फरक परासरणाचा की कापडाचा हे सांगता येत नाही. म्हणून सर्व फोडी एकाच माणसाने, प्रत्येक बाजू एकदाच कापडावर टेकवून, न दाबता टिपाव्यात.

नंतरच्या वजनातून आधीचे वजन वजा करावे, आलेल्या फरकाला आधीच्या वजनाने भागावे आणि शंभरने गुणावे. म्हणजे शेकडा बदल मिळतो. समजा, आधी १५.२० ग्रॅम आणि नंतर १६.४२ ग्रॅम भरले, तर बदल अधिक ८ टक्के झाला. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर मिठाचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर हा शेकडा बदल घ्यावा, शून्याची रेघ मधोमध ओढावी, आणि पाच बिंदूंच्या जवळून जाणारी सलग रेषा काढावी. साध्या पाण्यातील बिंदू शून्याच्या वर असेल, २ टक्क्यांचा खाली असेल, आणि मध्ये कुठेतरी रेषा शून्याला छेदेल. तो छेदबिंदू हेच या सगळ्या खटाटोपाचे फळ होय. त्या प्रमाणाच्या मिठाच्या पाण्यात बटाट्याची फोड ना फुगते ना आकसते, म्हणजे ते द्रावण त्या बटाट्याच्या पेशींसाठी समपरासारी आहे. त्याहून विरळ द्रावण अवपरासारी, ज्यात पाणी पेशीत शिरते. त्याहून संहत ते अतिपरासारी, ज्यात पाणी पेशीतून बाहेर पडते. हे शब्द पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतःच्या आलेखावर तीन जागी लिहावेत. मग त्यांची गल्लत होत नाही. समपरासारी पेल्यात पाण्याची हालचाल थांबलेली नसते, ये आणि जा सारखी झालेली असते, हेही तेथेच बारीक अक्षरांत लिहून ठेवावे.

हा छेदबिंदू सामान्यतः १ टक्क्याच्या आसपास येतो. एवढ्याशा मिठात काय बळ आहे, याचा हिशेब विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा : १ टक्का मिठाच्या द्रावणाचा परासरण दाब, म्हणजे पटलातून त्यात शिरू पाहणारे शुद्ध पाणी थोपवून धरायला लागणारा दाब, साधारण साडेसात ते आठ वातावरण दाबांइतका असतो, म्हणजे मोटारीच्या चाकात भरलेल्या हवेच्या दाबाच्या तिपटीहून जास्त.

वेळ असेल तर हाच प्रयोग मिठाऐवजी साखरेने करावा, कारण त्यातून जे कळते ते केवळ वाचून पटत नाही. ०, ५, १०, १५ आणि २० टक्के साखरेची द्रावणे घेतली तर छेदबिंदू १० टक्क्यांच्या जवळपास सापडतो, म्हणजे मिठापेक्षा साधारण दहा-बारा पटींनी पुढे. परासरणात वजनाला महत्त्व नाही, कणांच्या संख्येला आहे. साखरेच्या एका रेणूचे वजन ३४२ एकके असते आणि तो पाण्यात अखंडच राहतो. मिठाचे वजन ५८.५ एकके, आणि तेही पाण्यात पडताच सोडियम आणि क्लोराइड अशा दोन कणांत विभागते, म्हणजे दर कणामागे सरासरी २९ एकके. ३४२ ला २९ ने भागले की सुमारे १२ येतात. मोरांब्यात साखर भरघोस घालावी लागते आणि लोणचे मात्र तुलनेने कमी मिठावर टिकते, त्यामागे मोठा वाटा या गणिताचा आहे : बुरशी आणि जिवाणू यांच्याही पेशीतले पाणी याच नियमाने बाहेर पडते.

एक फोड उकडून पाहण्याचेही विसरू नये. पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवलेली फोड थंड करून साध्या पाण्यात सोडली तर कितीही तास गेले तरी ती ताठ होत नाही. उष्णतेने प्रद्रव्यपटल फाटलेले असते. पाण्यासोबत क्षार आणि साखरही मोकळेपणी आत-बाहेर करतात, आणि जेथे निवड नाही तेथे परासरण नाही. भिजवलेल्या बेदाण्याचे पाणी गोड का झाले, याचे उत्तर या उकडलेल्या फोडीत आहे.

सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर कांद्याचा पापुद्रा पाहिल्याशिवाय हा विषय सोडू नये. बहुतेक ठिकाणी आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा घेतात आणि त्याला रंग देतात. मला मात्र लाल कांद्याच्या मांसल पाकळीचा बाहेरच्या फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा अधिक पसंत आहे, कारण त्याच्या रिक्तिकेतील, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतील, रस मुळातच रंगीत असतो आणि निराळा रंग लागतच नाही. नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सपाट ठेवून आच्छादक काच ठेवावी आणि कमी क्षमतेच्या भिंगाखाली पाहावे. विटांच्या बांधकामासारख्या एकाला एक लागून असलेल्या पेशी दिसतात आणि प्रत्येक विटेत रंग कडेपर्यंत भरलेला असतो. आता आच्छादक काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडावा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते पाणी काचेखालून ओढून घ्यावे. डोळा भिंगावरून हलवू नये. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग एखाद्या पेशीच्या कोपऱ्यात रंगाची कड भित्तिकेपासून सुटते, तेथे कोरा त्रिकोण दिसू लागतो, तो वाढतो, दुसरा कोपरा सुटतो, आणि दोन-चार मिनिटांत रंगाचा सगळा भाग पेशीच्या मधोमध गोलसर गोळा होऊन बसतो. पाणी गेल्याने त्याचा रंगही पूर्वीपेक्षा गडद झालेला असतो. भित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी उभी असते. हाच रससंकोच. त्यानंतर त्याच रीतीने साधे पाणी फिरवले तर रंग पुन्हा कडेपर्यंत पसरतो. मिठाच्या पाण्यात फार वेळ ठेवलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत, आणि त्यांचा रंग सगळीकडे पसरून फिका पडतो.

प्राण्यांच्या पेशींना ही चौकट नसते. तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर त्या फुगून फुटतात, आणि म्हणूनच शिरेतून देण्याचे सलाइन हे ०.९ टक्के मिठाचे असते. बटाट्याचा आकडाही याच्या जवळ आला तर तो योगायोग समजावा. जुलाबात देण्याच्या जलसंजीवनीतही प्रमाणाला असेच महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार पुडीतील मिश्रण एक लिटर पाण्यात विरघळवल्यावर ते रक्तापेक्षा थोडे विरळ राहते. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशींत जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. ‘जास्त ताकद येईल’ म्हणून तीच पुडी एका पेल्यात कालवली तर द्रावण अतिपरासारी होते आणि पाणी उलट शरीरातून आतड्यात उतरते. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे.

बटाट्याचा आलेख हातात असला की शेतातील एक जुने कोडे उलगडते. कृष्णाकाठच्या क्षारपड रानात पायाखाली ओल असूनही ऊस माना टाकतो, आणि ‘पाणी कमी पडले’ असे समजून आणखी पाणी दिले जाते. मुळांच्या पेशींना मातीतील पाणी मिळते ते आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा संहत असतो म्हणून. अतिरिक्त पाण्याने भूजल वर आले आणि त्यासोबत क्षार पृष्ठभागाशी साचले की हा फरक कमी होत जातो. ओल असते, पण ती मुळाला घेता येत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात विद्युत वाहकतेचा, म्हणजे क्षारांबरोबर वाढत जाणारा, आकडा ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. तेवढ्या क्षारांचा परासरण दाब सुमारे दीड वातावरणाइतका असतो, आणि माती सुकत जाऊन तिच्यातले पाणी निम्मे झाले की तोच दाब दुप्पट होतो. अशा जमिनीत केवळ पाणी वाढवून भागत नाही. निचऱ्याची वाट काढून क्षार मुळांच्या खाली धुऊन जाऊ द्यावे लागतात. रोपाच्या बुडाशी मूठभर युरिया टाकल्यावर पाने करपतात, तेही मुळाभोवती तात्पुरते अतिपरासारी द्रावण तयार झाल्यामुळेच.

द्राक्षाच्या हंगामात आणखी एक प्रयोग करता येतो, आणि आमच्या भागातील मुलांना तो बटाट्यापेक्षाही जवळचा वाटतो. मण्यात पाणी उतरून गोडी भरल्यानंतर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, हे प्रत्येक बागायतदाराने सोसलेले आहे. मुळांनी वर चढवलेले पाणी हे त्याचे एक कारण, आणि सालीवर साचलेले पावसाचे पाणी थेट सालीतून आतल्या गोड रसाकडे शिरते, हे दुसरे. हे दुसरे कारण पेल्यात पाहण्यासाठी पक्व, सारख्या आकाराचे वीस मणी देठासकट कात्रीने कापून घ्यावेत. ओढून काढलेल्या मण्याच्या जखमेतून पाणी शिरते आणि निकाल फसतो, म्हणून देठाच्या कापलेल्या टोकालाही वितळलेल्या मेणाचा थेंब लावावा. दहा मणी साध्या पाण्यात आणि दहा साखरेच्या दाट पाकात बुडवून ठेवावेत. पाक किती दाट हवा, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. मण्यात २० टक्के साखर असली तरी ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या स्वरूपात असते, या दोन्हींच्या रेणूंचे वजन १८० आहे, आणि त्यामुळे आपल्या दाणेदार साखरेचे वजन त्याच्या जवळजवळ दुप्पट घ्यावे लागते. निदान ३५ ते ४० टक्क्यांचा पाक केला तर तो मण्याच्या रसाला जुळतो. प्रत्येक मण्याचे आधीचे वजन लिहून ठेवावे, दर दोन तासांनी पाण्यातला पेला उजेडाकडे धरून पाहावा, आणि कोणता मणी किती तासांनी, देठाजवळ की टोकाशी तडकला, हे वहीत नोंदवत जावे.